बीएस्सीला फिजिक्ससोबत गणित घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स?

आपल्या मुलीला भौतिकशास्त्रातच पुढे जायचे आहे, औंढा नागनाथला होऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाचा तिने ध्यास घेतला आहे, आणि बीएस्सीच्या प्रथम वर्षाला फिजिक्ससोबत गणित घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स, तसेच प्रवेश परभणीला घ्यावा की छत्रपती संभाजीनगरला, असे आपण विचारले आहे. गणित घ्या. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण पहिल्यानेच माझी जुनी खपली काढली आहे.

२००५ साली मी बारावी झालो, तेव्हा आमच्या घरात पदवीधर असे एकटे माझे चुलते होते, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असे. ‘गणितात पोरं गटांगळ्या खातात, इलेक्ट्रॉनिक्सला नोकऱ्या आहेत,’ एवढ्या एका वाक्यावर माझा फॉर्म भरला गेला, आणि महाविद्यालयातील सरांनीही टक्केवारी चांगली राहील म्हणून मान डोलावली. त्या काळी आमच्याकडे दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. ट्रान्झिस्टरचे सर्किट जोडून आम्ही लाइट येण्याची वाट पाहत बसायचो, आणि विजेवाचून होणारा बार पेंडुलमचा प्रयोगच पुन्हा पुन्हा वाट्याला यायचा.

मीटरभर लांबीची धातूची पट्टी, तिला ओळीने पाडलेली भोके, भिंतीतल्या ब्रॅकेटवर टेकवलेली पोलादी धार आणि हातात स्टॉपवॉच, एवढाच त्याचा संसार. एकेका भोकातून पट्टी टांगायची, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि गुरुत्वमध्यापासूनच्या अंतरानुसार आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा, आलेख काढायचा. गुरुत्वमध्याच्या दोन्ही अंगांना तो खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. हा आलेख मी डोळे मिटून काढत असे. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत नेमका हाच प्रयोग आला, म्हणून मी मनातून खूश होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर पेन्सिल टेकवली आणि विचारले, ‘हा इथेच का?’ मी म्हणालो, ‘सर, जर्नलमध्ये तसाच आहे.’

ते हसले नाहीत, हे अधिक लागले. शेजारच्या टेबलावर गणिताच्या गटातील एक मुलगी होती. त्यांनी तिला तोच प्रश्न विचारला. आवर्तकालाचा वर्ग हा ‘अंतर अधिक परिभ्रमण त्रिज्येचा वर्ग भागिले अंतर’ या बेरजेच्या प्रमाणात असतो (परिभ्रमण त्रिज्या म्हणजे पट्टीचे वस्तुमान गुरुत्वमध्याभोवती किती पसरले आहे हे सांगणारे अंतर), हे तिने कागदाच्या मागे लिहिले, त्याचे डिफरन्सिएशन करून ते शून्याशी समान ठेवले आणि दोन ओळींत दाखवले की अंतर जेव्हा परिभ्रमण त्रिज्येइतके होते तेव्हाच आवर्तकाल किमान असतो. डिफरन्सिएशन बारावीत मीही केले होते, गुणही मिळवले होते. परंतु ते भिंतीवर टांगलेल्या पट्टीला लागू पडते, हे मला कोणी करून दाखवले नव्हते, आणि बीएस्सीला गणितच नसल्यामुळे ती संधीही गेली.

पुढे एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायला बसलो, तेव्हा अभ्यासक्रमाचा पहिलाच घटक गणिती पद्धतींचा निघाला: आंशिक विकलन, बहुविध समाकलन, स्टोक्सचे प्रमेय, द्वितीय कोटीची अवकल समीकरणे, मॅट्रिक्स. त्यात माझी दोन वर्षे गेली. आपल्या मुलीला हे सांगा की लायगोचे आरसेसुद्धा एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकाने टांगलेले असतात, आणि चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा लांबीतला बदल मोजायचा, तर तो लोलक जमिनीचे कोणते कंपन गाळतो आणि कोणते पुढे जाऊ देतो, हे अवकल समीकरण सोडवल्याशिवाय कळत नाही.

अर्थात इलेक्ट्रॉनिक्स वाया जात नाही, हेही कबूल करतो. सोल्डरिंगचा हात आणि ऑसिलोस्कोपची ओळख मला तिथेच झाली, आणि अशा प्रकल्पांना ती माणसेही लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता मुख्य आणि दुय्यम विषयांची रचना आली आहे. तिथे फिजिक्स मुख्य ठेवून गणित दुय्यम घ्यावे आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा पेपर जमला तर घ्यावा. मुलीला गणिताचा मनापासून कंटाळा असेल, तर मात्र गटाची नव्हे, फिजिक्सचीच निवड पुन्हा तपासावी लागेल.

परभणी की संभाजीनगर, हे मी ठरवू शकत नाही. फक्त प्रवेशापूर्वी दोन्हीकडे जाऊन गणिताच्या प्राध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत की तासिका तत्त्वावर काम चालले आहे, आणि गणिताचा तास फिजिक्सच्या प्रात्यक्षिकाच्या वेळेत तर येत नाही ना, हे वेळापत्रक पाहून विचारावे.

चुलते अजूनही लग्नकार्यात चारचौघांत सांगतात की त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला लावले, म्हणून मला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. जाहिरातीत विषय फिजिक्स होता. ते कात्रण मी त्यांना दोनदा दाखवले आहे.