सासूबाईंचा समुद्र आणि सोयाबीनचे पैसे

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही हिशेब कळेल. तुम्ही औसा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, हातात पगार ७१,०००. सहा एकर शेती मिस्टर बघतात. मोंढ्यात सोयाबीन विकून आलेले २,४०,००० रुपये बचत खात्यात आहेत आणि सोसायटीचं पीककर्ज आहे १,३०,०००. मुलगी यंदा दहावीला, जूनपासून तिला लातूरला क्लास लावायचाय, त्याची फी १,१०,०००. सासूबाई सत्तरीच्या. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही आणि त्यांचं एकच म्हणणं आहे, ‘चहूकडं पाणीच पाणी दिसलं पाहिजे.’ म्हणून मे महिन्यात पाच जणांनी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करायची, एजंटाने १,५४,००० सांगितलेत. सोयाबीनचे पैसे वापरू की एजंट म्हणतो तसं दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

जा, ताई. सासूबाईंना घेऊन नक्की जा. पण मेमध्ये नको, सोयाबीनच्या पैशातून नको आणि हप्त्यावर तर नकोच.

आधी सोयाबीनचे पैसे. खात्यात दिसतात म्हणून ते मोकळे वाटतात, पण त्यातले १,३०,००० सोसायटीचेच आहेत. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे आपल्याला बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि पुढच्या खरिपाचं कर्जही अडतं. मग कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी पैसे आणून कर्ज नवं-जुनं करायचं, त्याचं वेगळं व्याज भरायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. तुमच्याकडे रोख असताना त्या फेऱ्यात पडू नका. मार्चच्या आत कर्ज भरून टाका. उरतात १,१०,०००. क्लासचा पहिला हप्ता तुम्ही ६०,००० लिहिलाय, तो बाजूला काढला की राहतात ५०,०००. पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, घरात कुणी आजारी पडलं तर तेवढाच आधार. त्याला हात लावायचा नाही.

आता हप्त्याचं बघू. १,५४,००० पैकी १४ हजार रोख भरून १,४०,००० कर्ज घ्यायचं, व्याज १६ टक्के, मुदत २४ महिने. हप्ता बसतो साधारण ६,८५५ रुपये आणि दोन वर्षांत व्याजच जातं साडेचोवीस हजारांच्या आसपास. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. घर, गाडी, शिक्षण यांसाठी हप्ता समजू शकतो. सहल संपून दोन वर्षं तिचे हप्ते भरायचे आणि त्याच दोन वर्षांत मुलीची अकरावी-बारावी, हे मला पटत नाही.

मेवर माझी हरकत आहे ती पैशाच्या ओढाताणीमुळे. पुढच्याच महिन्यात बियाणं, डीएपी, क्लासची फी, वह्या-पुस्तकं हे सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय मे सरत आला की अरबी समुद्र खवळायला लागतो, सत्तरीच्या माणसाला त्यात मळमळीचा त्रास जास्त. भाऊबीज झाल्यावर सुट्टीचे जे दिवस उरतात ते धरा. तोवर सोयाबीन निघालेलं असतं आणि ऐन दिवाळीचे चढे दरही टळतात.

तुमच्या खर्चाच्या यादीप्रमाणे घरकर्ज, एसआयपी, विमा, घरखर्च जाऊन महिन्याला सोळा हजार मागे पडतात. त्यातले ११,००० फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे ठेवले तर ९९,००० होतात. आरडी करू नका, ऑगस्टमध्ये बुकिंगची रक्कम लागेल तेव्हा ती मोडावी लागेल. लिक्विड फंडात ठेवा, म्हणजे हवे तेव्हा एक-दोन दिवसांत काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात. एसआयपी थांबवायची गरज नाही.

आणि ९९,००० मध्ये बसवायचं कसं, तर सहलच बदलून. पत्र मी पुन्हा वाचलं. सासूबाईंनी गोवा मागितलेलंच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात त्या टँकरपुढे घागरी लावून बसायच्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हवाय तो किनारा न दिसणारा एक अख्खा दिवस. गोव्याला उतरलं की पाच जणांची गाडी, जेवण, फिरणं, आणि तो दिवस समुद्रावरचा राहतच नाही. मुंबईहून निघून मधला दिवस भर समुद्रात आणि परत मुंबई, अशा दोन रात्रींच्या फेऱ्याही असतात. त्याचा दर मागवा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो काही शेकड्यांत होते, तासाभरात पोचवते, पण तिच्यावरून किनारा दिसत राहतो. किनारा न दिसणाऱ्या त्या एका दिवसासाठी हा मोठा खर्च मला योग्यच वाटतो.

दर मागताना पोर्ट चार्जेस, जीएसटी, सेवाशुल्क सगळं धरून आकडा लेखी घ्या. जाहिरातीतल्या १,१८,००० चे १,५४,००० तिथेच झालेत. केबिन दोन लागतील. बाल्कनी सोडा. सासूबाई आणि मुलं खिडकीच्या केबिनमध्ये, तुम्ही दोघं आतल्या बिनखिडकीच्या. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर बहुधा कमी असतो, तो विचारा. लातूर-मुंबई एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून टॅक्सीने जवळ. परतीला जहाज सकाळी लागलं तर रात्रीच्या गाडीपर्यंत सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं. हॉटेल वाचतं. रेल्वे, वरखर्च सगळं धरून १,१५,००० च्या वर जाऊ नका. वरचे सोळा हजार दर महिन्याला मागे राहणाऱ्या पाच हजारांतून काढा. एवढ्यातही बसत नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला दर विचारा, रजा टाका, पण कर्ज नको.

भर समुद्रातला दिवस पैशाच्या दृष्टीने सगळ्यात निसरडा. कॅसिनो, दुकानं बंदरात बहुधा बंद असतात, ती समुद्रात उघडतात. जहाजावर रोकड चालत नाही, केबिनचं कार्ड लावलं की खर्च खात्यावर चढतो, म्हणून हात सैल सुटतो. मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण भाड्यात असतं, पण थंड पेयं, खास रेस्टॉरंट, फोटो, वायफाय बहुधा वेगळे. चढल्याबरोबर रिसेप्शनवर जाऊन मुलांच्या कार्डावर खर्च बंद करायला सांगा आणि पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड जोडू नका, कारण अनामत म्हणून पैसे अडकून राहतात. रोज रात्री बिल बघा. पाचही मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. किनारा सुटल्यावर फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर फार जबर असतात. सूर्योदय, सूर्यास्त, डेकवरची खुर्ची यांना पैसे पडत नाहीत, आणि सासूबाईंचा बहुतेक दिवस तिथेच जाईल.

त्यांची बीपीची गोळी, मळमळीचं औषध डॉक्टरांना विचारून बरोबर घ्या. जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी लागते. प्रवास विमा काढताना सत्तरीपुढचं वय आणि समुद्रप्रवास दोन्ही त्यात आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

दोन रात्रींचं कोटेशन आलं की मला फोटो पाठवा, बुकिंग रद्द केल्यास किती पैसे कापतात ते पानही सोबत असू द्या. ते बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.