टेबलावरचा फोन : कॉल नेमका असतो कुठे?

प्रश्न : आलेला कॉल सहकाऱ्याकडे देताना निम्म्या वेळा तुटतो. पुस्तिकेत 'ब्लाइंड' आणि 'अटेंडेड' असे ट्रान्स्फरचे दोन प्रकार दिलेत. रिसीव्हर नेमका कधी ठेवायचा?

उत्तर : ट्रान्स्फर दाबलं की समोरची व्यक्ती आपोआप होल्डवर जाते आणि तुम्हाला नवा डायल टोन मिळतो. त्यामुळे आधी वेगळं होल्ड दाबायची गरज नसते. मग सहकाऱ्याचं एक्स्टेन्शन लावायचं. तो उचलायची वाट न पाहता कॉल देऊन मोकळं झालात, तर तो ब्लाइंड. तो उचलेपर्यंत थांबलात, कुणाचा फोन आहे ते सांगितलंत आणि मग दिलात, तर अटेंडेड. ब्लाइंडसाठी काही फोनवर वेगळं बटणही असतं.

गडबड होते ती शेवटच्या पायरीवर. काही फोनमध्ये रिसीव्हर ठेवला की ट्रान्स्फर पूर्ण होतो. काहींत मात्र ट्रान्स्फर पुन्हा एकदा दाबावं लागतं. न दाबता रिसीव्हर ठेवला तर सहकाऱ्याशी चाललेलं बोलणं तुटतं आणि बिचारा ग्राहक होल्डवरचं संगीत ऐकत बसतो. तुमचा फोन कोणत्या जातीचा आहे, ते दोन सहकाऱ्यांना हाताशी घेऊन एकदा तपासून बघा. दुसऱ्यांदा ट्रान्स्फर दाबायची सवय त्यातल्या त्यात बरी.

ट्रान्स्फरचं बटणच नसलेला साधा फोन असेल, तर हेच काम 'फ्लॅश' करतं. फ्लॅश म्हणजे लाइन क्षणभर तोडून परत जोडणं. हा क्षण किती लांबीचा, हे एक्स्चेंजवर, म्हणजे ऑफिसचे फोन जोडणाऱ्या यंत्रणेवर, ठरलेलं असतं : कुठे 100 मिलिसेकंद, कुठे 600. फोन 100चा आणि एक्स्चेंजला हवेत 600, असं असेल तर बटण दाबून काहीच घडत नाही. बऱ्याच फोनमध्ये ही वेळ बदलता येते. रिसीव्हरखालची कळ बोटाने दाबून फ्लॅश देणारे पुष्कळ असतात. बोट जरा जास्त वेळ राहिलं की एक्स्चेंज समजतं, फोन ठेवला. तुटणाऱ्या कॉलचं हे अगदी नेहमीचं कारण.

प्रश्न : होल्ड, म्यूट आणि पार्क यांत फरक काय?

उत्तर : म्यूटमध्ये फक्त तुमचा माइक बंद होतो, समोरच्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत राहतं. होल्डवर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही आणि तो कॉल सहसा तुमच्याच फोनवरून परत घ्यावा लागतो.

पार्क केलेला कॉल कुणा एका फोनचा राहत नाही. एक्स्चेंज त्याला एक क्रमांक देतं आणि तो क्रमांक लावून कुणीही, कुठल्याही टेबलावरून कॉल घेऊ शकतो. गोदामात फिरणाऱ्या माणसाला 'तुमचा कॉल 701 वर आहे' एवढं सांगितलं की झालं. अ‍ॅस्टरिस्क या एक्स्चेंज चालवणाऱ्या मुक्त (ओपन सोर्स) संगणक प्रणालीत मूळ मांडणीनुसार 700 वर ट्रान्स्फर केलं की कॉल पार्क होतो, 701 ते 720 या जागांपैकी एक मिळते आणि 45 सेकंदांत कुणी घेतला नाही तर तो पार्क करणाऱ्याकडे परत वाजतो. तुमच्याकडचे आकडे वेगळे असू शकतात. फोनवरून जागेचा क्रमांक सांगितला जातो, तो ऐकण्याआधी रिसीव्हर ठेवू नका.

प्रश्न : शेजारच्या टेबलावरचा फोन माझ्या जागेवरून उचलता येईल का?

उत्तर : येईल, यालाच पिकअप म्हणतात. मात्र दोन्ही एक्स्टेन्शन एकाच पिकअप गटात हवीत. कोड प्रणालीगणिक बदलतो. अ‍ॅस्टरिस्कमध्ये मुळात तो स्टार 8 असतो.

प्रश्न : माझ्या फोनवरून बाहेर कॉल लागतात, पण येणारा एकही वाजत नाही.

उत्तर : आधी डीएनडी, म्हणजे 'व्यत्यय नको', चुकून चालू झालंय का ते बघा. मग फॉरवर्डिंग. त्याचे तीन प्रकार : सगळे कॉल, लाइन व्यग्र असताना, उत्तर न दिल्यास. तुमच्या बाबतीत संशय पहिल्यावर. ते फोनमध्येही लावता येतं आणि एक्स्चेंजवरही, त्यामुळे एका ठिकाणचं काढलं तरी दुसरीकडचं चालूच राहतं. हे दोन्ही नसेल, तर रिंगचा आवाज शून्यावर नाही ना, तेही पाहा.