बधिर मांडी आणि लकव्याची भीती

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर झाला की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो लकव्याचा. कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करताना ही भीती माझ्यासमोर अनेकदा आली आहे. त्यांपैकी एका ताईंची हकिगत, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे सांगते.

लक्ष्मीपुरीत किराणा दुकान सांभाळणाऱ्या या ताई दिवसभर गल्ल्यामागे उभ्या असत. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला आधी मुंग्या येऊ लागल्या, मग आग होऊ लागली आणि पुढे तो भाग बधिर झाला. "मॅडम, मांडी मेल्यागत झालीया, आता पाय जाणार माझा," असे त्या म्हणाल्या. अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंची अनेक वर्षे त्यांनीच सेवा केली होती. त्यामुळे त्यांची भीती ऐकीव नव्हती. डॉक्टरांनी तपासून लकवा नसल्याचे सांगितले होते, तरीही ताई येता-जाता मांडीला चिमटा काढून पाहत, रात्री उठून पाय हलवून पाहत, आणि जोतिबाच्या पायऱ्या चढणे तर त्यांनी सोडूनच दिले होते.

"काही नाही, काळजी करू नका" एवढ्याने अशी भीती जात नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या शरीरात नेमके काय घडते आहे, हे समजून घेण्याचा त्यांना हक्क होता. म्हणून मी कागदावर मांडीचे चित्र काढले.

मांडीत एकच हाड असते, फीमर. शरीरातले सर्वांत लांब हाड तेच. त्याच्या पुढे क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा स्नायू असतो, जो गुडघा सरळ करतो; मागे गुडघा वाकवणारे हॅमस्ट्रिंग स्नायू असतात आणि आतल्या बाजूला मांड्या जवळ आणणारे. पुढच्या स्नायूंना फीमोरल, आतल्यांना मुख्यतः ऑब्च्युरेटर आणि मागच्यांना सायटिक नस चालवते. सायटिकचेच फाटे पुढे पोटरी आणि पावलापर्यंत पोहोचतात. ताईंच्या बधिर त्वचेची नस मात्र या तिन्हींहून वेगळी. लॅटरल फीमोरल क्यूटेनियस नावाची ही नस कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मज्जातंतूंपासून निघते, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, बहुधा जांघेतल्या घट्ट पट्ट्याखालून, मांडीत उतरते आणि केवळ त्वचेची संवेदना वाहून नेते. ती एकाही स्नायूला हलवत नाही, म्हणून फक्त तीच दबली असेल तर पाय लुळा पडत नाही. अर्धांगवायूचे मूळ मेंदूत असते, मांडीत नव्हे.

मग ती दबते कशाने? ताईंच्या परकराची नाडी नेमकी त्या हाडाच्या टोकावर करकचून बांधलेली असे, वजन वाढले होते आणि उभे राहणे तर रोजचेच. पुरुषांमध्ये पँटचा घट्ट पट्टा हेच करतो. गर्भारपण आणि मधुमेह हीदेखील कारणे असतात. या विकाराला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःला तो झाला होता आणि 1895 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही होते. हे सांगितल्यावर ताईंना आपण एकट्या नाही असे वाटले, आणि समुपदेशनात या भावनेचे मोल मोठे आहे.

नाडी सैल बांधणे, दुकानात मधूनमधून बसणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन व साखर सांभाळणे, असे ठरले. चिमट्याची सवय मोडणे याहून अवघड होते, कारण दर तपासणीने लक्ष पुन्हा त्याच जागी खिळते आणि आग अधिक जाणवते. चिमट्याची इच्छा झाली की दुकानातले एक काम पुरे करून मगच पाहायचे, असे आम्ही ठरवले. काम संपेपर्यंत इच्छा अनेकदा ओसरून जाई. पाय अशक्त झाला आहे का, हे पाहायचे असेल तर चिमट्यापेक्षा जिना चढणे अधिक खरे सांगते, कारण ते काम क्वाड्रिसेप्स आणि नितंबाच्या स्नायूंचे असते. त्या पुन्हा जोतिबाला गेल्या आणि पायऱ्या स्वतः चढल्या.

बधिरपणा पूर्ण गेला नाही, पण कमी झाला. पाय अशक्त होणे, गुडघा अचानक वाकणे, पाऊल ओढले जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागात बधिरता येणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी न थांबता लगेच रुग्णालय गाठायचे, ही यादी मी त्यांना लिहून दिली आणि ती त्यांनी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.