वर्ग वाचवायचा असेल तर

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. वस्तीतल्या मुलांसाठी तू चालवतेस त्या संध्याकाळच्या वर्गाचं बडोदा महापालिकेचं अनुदान पुढच्या वर्षी बंद होणार असं कानावर आलंय आणि तू सह्यांची मोहीम काढते आहेस. सह्या घे, पण सुरुवात तिथून करू नकोस.

मी तीच चूक केली होती. आमच्या वस्तीतला वर्ग बंद पडायला आला तेव्हा दारोदार फिरून चारशे सह्या जमवल्या आणि मार्चअखेरीस गठ्ठा घेऊन कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसानं तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, ''बेन, बजेट तर कधीच पास झालं.'' वर्ग बंद झाला. त्यातल्या दोन मुली पुढे शाळेतही दिसल्या नाहीत. ते आजही टोचतं मला.

म्हणून आधी तारखा बघ. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते, मग तो सर्वसाधारण सभेपुढे जातो. समितीत चर्चा सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, आपलं म्हणणं पोचायला हवं. समितीत 12 सदस्य, आपल्या वॉर्डाचे नगरसेवक 4. एवढीच माणसं गाठायची आहेत तुला. अनुदान बंद होण्याबद्दल लेखी काही नसेल तर माहिती अधिकारात विचार, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता हजेरीपट उघड. 38 मुलं येतात असं तू लिहितेस. आकडा बरोबर असेल, पण त्यानं कुणाला पाझर फुटणार नाही. गेल्या खेपेला आले तेव्हा तुझ्या वर्गात एक सातवीतली पोर पाहिली. मांडीवर दीड वर्षाचा भाऊ, एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातानं भागाकार चाललेला. बाळानं पेन्सिलीला हात घातला की ती वही जरा पुढे सरकवायची आणि बाकी लिहायची. आई मकरपुऱ्याच्या कारखान्यातून सातला परतते. धाकट्याला घेऊन यायची मुभा तू दिली नसतीस तर ती पोर घरीच अडकली असती. अशा मुली किती, ते मोज. मार्कांपेक्षा मोठी कमाई आहे ही, आणि तुझ्या एकाही अर्जात तिचा उल्लेख नाही!

नगरसेवकांकडे जाशील तेव्हा बोलू दे आयांना. दोघी-तिघी पुरेत. दिवसाची मजुरी बुडणार नाही अशी वेळ त्यांनाच विचारून ठरव. गुजराती, हिंदी, मराठी, जिला जी जमेल त्या भाषेत तिनं एवढंच सांगावं की सातपर्यंत माझी पोर कुठे आहे हे मला ठाऊक असतं. मुलांच्या हातात फलक देणं मला कधीच पटलेलं नाही. त्यापेक्षा नगरसेवकांनाच पावणेसहाला वर्गात बोलाव. हारतुरे नकोत, मुलांशेजारी सतरंजीवर बसव.

मागणी नेमकी हवी: दोन शिक्षिकांचं मानधन, वह्या, चणे-गूळ, वर्षाचे एकूण इतके रुपये. ''मदत करा'' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विसरतात. वस्तीतल्यांकडूनही सहीसोबत काहीतरी माग. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं महिन्याचे चणे दिले, एखाद्या निवृत्त मास्तरांनी शनिवारचं गणित घेतलं, की वर्ग त्यांचाही होतो आणि मग ती माणसं न बोलावता तुझ्याबरोबर येतात.

सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे निवेदनात जरूर लिही. एकच वाक्य. बाकीची जागा त्या भागाकार करणाऱ्या पोरीला दे.

आणि निवेदनाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी मी दांडिया बाजारातल्या घरीच आहे. हजेरीपट आणि खर्चाची वही घेऊन ये, दोघी बसून मसुदा करू.

तुझी,
बाई