राजापूर : बंदर आणि वस्ती

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर पूर्वी मोठे बंदर होते, असे आजोबा सांगत. मग आज ते एवढे लहान का?

उत्तर : आपल्या आजोबांचे म्हणणे खरे आहे. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावरील या गावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. येथील इंग्रजांनी १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केल्यामुळे शिवाजी महाराजांनी १६६१ साली ती वखार लुटून तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांना कैद केले. वैभव संपवले ते मात्र लढाईने नव्हे, गाळाने. खाडी भरत गेली, मोठी गलबते जुन्या दगडी धक्क्यापासून कित्येक मैल अलीकडेच थांबू लागली आणि व्यापार आटला. लोकसंख्या २००१ साली साडेदहा हजारांच्या आसपास होती, ती २०११ साली दहा हजारांच्या आत आली; नोकरीसाठी मुंबई गाठण्याची कोकणची रीत येथेही आहेच. पात्र उथळ झाल्याने पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरते, तेव्हा दुकानदार माल माळ्यावर चढवतात.