हुकमी हिटरला अंतिम सामन्यात बसवावे का?

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. माझी मुलगी तीन वर्षांपासून महाविद्यालयाच्या सॉफ्टबॉल संघात चौथ्या क्रमांकावर खेळते आणि संघातील सर्वांत हुकमी हिटर म्हणून ओळखली जाते. यंदाच्या स्पर्धेत पहिल्या दोन सामन्यांत तिला एकही हिट (पहिला टप्पा सुरक्षित गाठून देणारा फटका) मिळाली नाही आणि अंतिम सामन्यात प्रशिक्षकांनी तिला सुरुवातीच्या नऊ जणींत घेतलेच नाही. संघ एका रनने हरला. परवा शेतावर भरिताची पार्टी होती, तेथे यावरून वाद पेटला. माझे मेहुणे म्हणाले की अमेरिकेत 2012 साली एका मॅनेजरने कोट्यवधी डॉलरच्या खेळाडूला असेच बाजूला केले आणि सामना जिंकला, तेव्हा प्रशिक्षकांचे काही चुकले नाही. मला ते पटत नाही. आपले मत काय?
— एक पालक, यावल तालुका

उत्तर : आपल्या मेहुण्यांनी दिलेला दाखला खरा आहे, मात्र तो अर्धाच आहे. 10 ऑक्टोबर 2012 रोजी न्यूयॉर्क यँकीज आणि बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघांतील (हा खेळ सॉफ्टबॉलसारखाच) पाच सामन्यांच्या मालिकेचा तिसरा सामना होता. नववी, म्हणजे नेहमीची शेवटची इनिंग चालू होती, यँकीज 2-1 असे मागे होते आणि एक गडी बाद झाला होता. पाळी अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझची होती, ज्याच्या नावावर तोपर्यंत 647 होमरन (मैदानाबाहेर जाऊन थेट रन देणारे फटके) होते आणि ज्याच्याशी संघाने 10 वर्षांसाठी साडेसत्तावीस कोटी डॉलरचा करार केलेला होता. मॅनेजर जो जिरार्डी यांनी त्याला थांबवून चाळिशीच्या राऊल इबान्येझला पाठवले. इबान्येझने होमरन मारून बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये पुन्हा होमरन मारून सामना 3-2 असा जिंकून दिला.

पुढची हकीकत भरिताच्या पंगतीत राहून गेली असावी. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात जिरार्डींनी रॉड्रिगेझला सुरुवातीपासूनच बसवले आणि यँकीज 3-1 असे जिंकले, पण त्या विजयाचे श्रेय संपूर्ण सामना एकट्याने टाकणाऱ्या सीसी सबाथिया या पिचरचे, म्हणजे हिटरला चेंडू टाकणाऱ्याचे, होते. नंतरच्या मालिकेत डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यांतही रॉड्रिगेझ सुरुवातीच्या नऊ जणांत नव्हता आणि यँकीज चारही सामने हरले. त्याच्या जागी खेळलेल्या एरिक शावेझला त्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) एकही हिट मिळाली नाही. निकाल पाहूनच न्याय करायचा म्हटले, तर जिरार्डी एका आठवड्यात द्रष्टे ठरतात आणि दुसऱ्या आठवड्यात मूर्ख, आणि ही दोन्ही विशेषणे मला मान्य नाहीत. म्हणून संघ एका रनने हरला, हा मुद्दा आपणही प्रशिक्षकांविरुद्ध वापरू नये अशी माझी विनंती आहे.

पाहायचे ते एवढेच, की निर्णयाच्या क्षणी मॅनेजरला काय माहीत होते. समोरचा पिचर जिम जॉन्सन उजव्या हाताने चेंडू टाकणारा होता आणि रॉड्रिगेझही उजव्या हाताचाच हिटर. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या हिटरपासून दूर पळतो, तर डावखुऱ्या हिटरकडे तो आत येतो आणि त्याला तो अधिक स्पष्टही दिसतो. इबान्येझ डावखुरा होता. त्यातून जुलैमध्ये चेंडू लागून रॉड्रिगेझच्या डाव्या हाताचे हाड मोडले होते आणि तो सप्टेंबरमध्ये परतला तेव्हापासून त्याचा फटका पूर्वीसारखा बसत नव्हता. प्लेऑफ संपले तेव्हा उजव्या हाताच्या पिचरांविरुद्ध त्याच्या नावावर 18 प्रयत्नांत शून्य हिट आणि 12 स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) होते. यँकी स्टेडियममध्ये उजवीकडची सीमाही जवळ आहे, जी डावखुऱ्या हिटरच्या सोयीची आहे. हे सारे मांडल्यावर तिसऱ्या सामन्यातील तो बदल योग्यच होता, असे मी निःसंकोच म्हणतो. डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. चार सामने मिळून सबंध संघाला केवळ 6 रन करता आल्या होत्या. जेथे कोणाचीच बॅट चालत नाही, तेथे एकाला बाहेर ठेवून फारसे काही साधत नाही, उलट एखाद्या फटक्याने सामना फिरवू शकणारा माणूस आपणच हातचा घालवतो.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी. चांगला हिटरसुद्धा दहांपैकी सात वेळा अपयशीच ठरतो, हा या खेळाचा स्वभाव आहे. त्यामुळे दोन सामन्यांतील पाच-सहा अपयशी पाळ्यांवरून तीन वर्षांची कामगिरी पुसून टाकणे मला घाईचे वाटते. ती कशी बाद झाली, हे प्रशिक्षकांनी पाहिले होते का? जोरकस फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला असेल, तर ते दुर्दैव आहे; पण बाहेर खाली पडणाऱ्या चेंडूवर ती प्रत्येक वेळी बॅट फिरवत असेल आणि अंतिम सामन्याची पिचर तोच चेंडू टाकणारी असेल, तर तिला बसवण्याला आधार आहे. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीला खेळणाऱ्या खेळाडूला बाहेर काढून एकदा पुन्हा त्याच क्रमांकावर आत घेता येते, जी सवलत बेसबॉलमध्ये नाही. तिला सुरुवातीला खेळवून, अडल्यास बदलून, शेवटच्या इनिंगसाठी परत आणता आले असते. हा मार्ग प्रशिक्षकांनी का वापरला नाही, हे विचारण्यासारखे आहे.

या वादात माझ्या लेखी सर्वांत मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे : तिला हे कोणी सांगितले आणि केव्हा? 1977 साली कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात यँकीजचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी रेगी जॅक्सनला बसवले, कारण समोर पॉल स्प्लिटॉर्फ हा डावखुरा पिचर होता आणि जॅक्सनही डावखुरा. कारण पटण्याजोगे होते, पण मार्टिन यांनी ते स्वतः न सांगता दुसऱ्याकरवी कळवले. आठव्या इनिंगमध्ये जॅक्सनला पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी फटका मारायला, पाठवण्यात आले, त्याने एक रन मिळवून देणारी हिट मारली आणि यँकीज 5-3 असे जिंकले. नऊ दिवसांनी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन होमरन मारले. एवढे होऊनही दोघांमधली कटुता गेली नाही.

मी हे पुस्तकी सांगत नाही. जळगाव जिल्ह्यात मुलींना सॉफ्टबॉल शिकवत असताना मीही एका अंतिम सामन्यात आमच्या सर्वांत चांगल्या हिटरला बसवले होते. पिचरचा विचार करता निर्णय बरोबर होता आणि आम्ही जिंकलोही. पण तिच्यासमोर जाण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून मी नावांची यादी सहायकाच्या हाती दिली आणि तिने आपले नाव नसल्याचे इतर मुलींबरोबर उभे राहून ऐकले. सॉफ्टबॉलच्या सातही इनिंग ती हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसली होती आणि त्याचा पट्टा लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. पदकाच्या फोटोत ती आहे, पण पुढच्या हंगामात ती मैदानावर आली नाही. त्या विजयाचा मला आजही आनंद होत नाही.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा, की सरावाच्या दिवशी, मुलीला बरोबर घेऊन, प्रशिक्षकांना शांतपणे भेटावे. 'का बसवले' असे न विचारता 'तिला कोणता चेंडू खेळता येत नाही' असे विचारावे, आणि बोलणे शक्यतो तिलाच करू द्यावे, कारण बाकावर ती बसली होती, आपण नाही. त्यांनी नेमके उत्तर दिले, तर आपल्या मेहुण्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे धरावे आणि केळीच्या बागेलगतच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी तोच चेंडू तिला टाकावा. दादा-मामा कोणीही टाकला तरी चालेल. नेमके उत्तर मिळाले नाही, तर तिच्यावर अन्याय झाला, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि तसे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. भेटीनंतर काय झाले ते अवश्य कळवावे.