देवराईत रात्री अकराला कोण येतं?

प्रश्न : आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला देवराई आहे. आत वीरगळ आणि शेंदऱ्या देव. वर्षभरापासून शहरातली पोरं मोबाइल धरून तिथं घुटमळतात. परवा एक जण रात्री अकराला एकटाच आला. दर्शन नाही, फोटो नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, इथं पोर्टल आहे." हे काय प्रकरण आहे? बंद करता येईल का?
– एक वाचक, ता. अकोले

उत्तर : काका, तो गुप्तधनवाला नव्हता, एवढं आधी सांगतो. 'इनग्रेस' नावाचा मोबाइलवरचा खेळ २०१२ साली आला. देऊळ, वीरगळ, पुतळा अशा खऱ्या जागा त्यात 'पोर्टल' असतात. खेळणारे हिरव्या नाहीतर निळ्या गटात. तीन पोर्टलं रेघांनी जोडली की मधला मुलूख तुमच्या गटाचा, आणि एका रेघेवरून दुसरी नेता येत नाही. आडवी रेघ तोडायची तर तिच्या टोकाच्या पोर्टलपाशी स्वतः जावं लागतं. त्यामुळे जिथं पोचताना विरोधकाचा जीव मेटाकुटीला येतो, तेच पोर्टल टोक म्हणून सगळ्यांना हवं असतं. तुमचा वीरगळ तसला. रात्रीचा पोरगा बहुधा कुणाची तरी आडवी आलेली रेघ तोडायला आला असणार.

हे मला ठाऊक, कारण २०१६च्या पावसाळ्यात मीही एका कड्याखाली असाच उभा होतो. फोन म्हणत होता, पोर्टल तीस मीटरवर. खेळाला उंची कळत नाही. पोर्टल म्हणजे पाण्याचं टाकं, आणि ते सरळ माझ्या डोक्यावर, कातळात! त्यात कड्यालगत उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून येतो, म्हणून पडद्यावरचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. मी त्याच्या मागे गेलो, शेवाळावरून घसरलो आणि करवंदीच्या जाळीत अडकलो. खरं तर चाळीस मीटरच्या आत कुठंही थांबलं तरी भागतं. तेव्हा ते सुचलं नाही.

आता बंद करण्याचं. पोर्टल खेळाडूच फोटो पाठवून सुचवतात आणि तुमची वाडी कधी न पाहिलेले दुसरे खेळाडू ते मंजूर करतात. जागेपर्यंत पायी सुरक्षित जाता यावं, अशी अट आहे. पण निसरडी वाट फोटोत दिसते थोडीच? वाट खरोखर धोक्याची असेल तर अशाच एखाद्या पोराकडून खेळातून तक्रार करवा. वाट धड असेल तर मात्र तक्रार टिकणं अवघड. 'पोकेमॉन गो' या अशाच दुसऱ्या खेळाचे थांबे बरेचसे याच यादीतून आलेत, तेव्हा तिथंही बघायला सांगा. तोवर देवराईच्या तोंडाशी 'अंधारात येऊ नये' अशी पाटी लावा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

यातून चहा-भाकरीचा धंदा होईल, ही आशा धरू नका. आम्ही घरून बिस्किटं नेणारी मंडळी.

तो पुन्हा रात्री दिसला तर ओरडण्याआधी फोनची बॅटरी किती उरली ते विचारा. हा खेळ ती भराभर खातो, आणि परतीची वाट, उजेड, सगळं त्याच फोनात असतं.